पाठ उघडणारा लॅपटॉप

पोरीचं तोंड उघडंना. मी दोन्ही गाल दाबून धरलेले, ती आवळून बसलेली. दात तरी किती, खालचे दोन, खरं त्या दोन दातांनी माझं बोट असलं धरलं की मीच बोंबलाय लागले. दुकानवालं भाई फरशीवर रांगत हुतं, हातात मोबाईलची बॅटरी, आणि एकच सांगत हुतं, एक स्क्रू कमी हाय वैनी, एक कमी हाय. आत्ती, म्हंजे माझी सासू, त्यांनी पोरीला माझ्या हातातनं हिसकून घेतलं, पालथी धरली आणि पाठीत थापट्या घालाय लागल्या. पोरगी उलटी लोंबकळत खिदळाय लागली. तिला वाटलं खेळ चाललाय.

मी रडत हुते आणि मला हसू बी येत हुतं. माझं असंच हाय, भ्यालं की पोटातनं हसू फुटतं. शाळेत बाई छडी घिऊन आल्या की मी हसायची आणि दोन छड्या जास्त खायची. भाईंनी वर बगितलं, मी दात काडून रडतीया, त्यास्नी काय कळंना हिला दवाखान्यात न्यायची का पोरीला.

काउंटरवर एक काळा लॅपटॉप पालथा पडलेला, पाठ पूर्ण उघडी, आतलं सगळं दिसतंय. त्येच्या बाजूला दुसरा, बारका, रुपेरी, तोंड उघडून गप बसलेला. त्या काळ्याच्या पाठीचं स्क्रू भाईंनी पाण्याच्या बाटलीच्या टोपणात ठेवलं हुतं आणि पोरीनं टोपण उडवलं. स्क्रू तरी केवढा, जिऱ्याएवढा. काउंटरवरचं, फरशीवरचं सगळं गावलं, एक न्हाय. आणि पोरगी काय तरी चघळत हुती.

आता हे कशानं झालं ते सांगते, न्हायतर तुमाला वाटंल ही बाई पोरीला घिऊन स्क्रूच्या दुकानात कशाला मरायला गेलती.

मी धाव्वीपातूर शिकले. पुढं कॉलेज लांब, यष्टी वेळंवर न्हाय, सुटलं ते सुटलं. लगीन होऊन नेसरीकडनं कोल्हापुरात आले. इथं बगितलं तर चौकाचौकात वाढदिवसाचं बोर्ड. माणसाचा बोर्ड, बैलाचा बोर्ड, आमच्या गल्लीत तर एका बोक्याचा बोर्ड लागलेला, गॉगल घालून, मागं सिंव्ह. मी पोटुशी हुते, पाय सुजलेलं, पडल्या पडल्या मोबाईलवर असलंच करत बसायची. फोटो कापायचा, सोनेरी अक्षरं टाकायची, मागं ढग नायतर वीज. आमच्या मालकांच्या, म्हंजे नवऱ्याच्या, दोस्ताचा केला, त्यो खूश. त्येच्या भावाचा केला. करता करता पोरगी बी झाली, आणि बोर्ड छापणाऱ्या दुकानाच्या मालकांनी निरोप धाडला की ही कोण पोरगी हाय तिला बोलवा. मी गेले, पदर आवळून, घाम फुटलेला. ते म्हणालं, तुझा हात चांगला हाय, खरं मोबाईलवरचा फोटो मोठा केला की फाटतो. लॅपटॉप घे. घरात बसून कर, पोरीला सोडून कुठं यायला नको. दुसरी एक मुलगी बी विचारून गेलीया, जी आदी लॅपटॉप घिऊन येईल तिला काम.

झालं. माझी झोप उडाली. आमचं मालक फौंड्रीत कामाला, त्यास्नी म्हणलं तुमी चला दुकानात. ते म्हणालं, "चालवणार तू, तूच बग." आणि गेलं डबा घिऊन. आवो, मला आजपातूर माझी चप्पल बी दुसऱ्यानं पसंत केलेली. लग्नाच्या साड्या मामींनी, पोरीचं नाव नणंदंनं, आणि आता एकदम लॅपटॉप मी निवडायचा. मला आनंद झाला आणि भ्या बी वाटलं, दोन्ही एकदमच.

आमची एकच खोली, पुढं स्वयपाकाचं. तुळईला पाळणा टांगलेला. पाळणा आणि भिंत ह्याच्या मधी माझ्या आहेरातली पत्र्याची पेटी. त्या पेटीवर लॅपटॉप ठेवायचा, मी खाली बसायचं, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, पाय हलवत ऱ्हायचा आणि हातानं बोर्ड करायचा, असं सगळं हापिस मी मनात मांडून ठेवलेलं. रिळाच्या दोऱ्यानं पेटीची रुंदी मोजली, दोन्हीकडं गाठ मारली, दोरा पर्समधी घातला. आत्ती म्हणाल्या मी बी येतो. त्यांनी जन्मभर म्हशी घेतल्यात, एकदा बी फसल्या न्हाईत, असं त्याच सांगत्यात.

भाईंचं दुकान बारकंच, नवं बी ठेवत्यात आणि हापिसात वापरून काडलेलं जुनं बी. मी म्हणलं बारकातला बारका दावा. त्यांनी दोन ठेवलं. रुपेरी त्यो नवा, पाटीएवढा, वजन म्हणाल तर साखरंच्या पुड्याएवढं. मी दोरा लावला, गाठीला गाठ बरोब्बर. पोरीच्या पिशवीत घालून बगितला, दूध बाटली आणि दुपट्याच्या मधी असा बसला की वाटलं त्येच्यासाठीच ती जागा ठेवलेली. यष्टीनं म्हायारला जाताना बी नेता येतोय. मी तर तिथंच नाचायच्या बेतात. दुसरा काळा, जुना, तसा त्यो बी बारकाच, खरं जाडजूड, आणि दोऱ्याच्या बाहीर चार बोटं येत हुता. म्हंजे पेटीवर ठेवला की पाळणा त्येच्यावर आपटणार. भाव दोन्हीचा उन्नीस-बीस. आत्तींनी काळ्याकडं बगून नाक मुरडलं. म्हणाल्या रुपेरी घे, पाळणा आपल्या जागंवर ऱ्हाईल, माझी चार पोरं त्याच जागी हलली.

मग भाईंनी फोड करून सांगितलं. त्यांचं निम्मं बोलणं इंग्लिश, मी माझ्या परीनं असं लावून घेतलं की रॅम म्हंजे स्वयपाकाचा कट्टा. कट्टा मोठा असला की एका टायमाला चार भांडी मांडता येत्यात, बारका असला की एक उचल, दुसरं ठेव. आणि डिस्क म्हंजे माळा, सामान टाकायची जागा. तर ह्या रुपेरीचा कट्टा आणि माळा आतनं कथलाचा डाग देऊन पक्का बसवलेला, आज जेवढा हाय तेवढाच जन्मभर. वाढवायचा म्हणला तर वाढत न्हाय. आणि काळ्याची पाठ उघडती, कट्टा वाढवा, माळा बदला, कवा बी.

आत्ती म्हणाल्या, पाठ उघडती म्हणताय तर उघडून दावा. तोंडानं काय, व्यापारी म्हशीला बी आठ लिटर म्हणतोय.

त्यास्नी काळ्यात खोट काडायची हुती, दुसरं काय न्हाय. भाई हसलं आणि स्क्रू काडाय लागलं. पाठ निघाली. आत बगते तर पंख्याला जराशी धूळ, हिरवी पाटी, तारा, आणि एका जागी एक पट्टी बसलेली, त्योच कट्टा, आणि तिच्या शेजारी तसलीच रिकामी खाच. भाईंनी बोट लावून दावलं, "वैनी, ही खाच मोकळी हाय. आज हाय त्येच्यावर भागंल. काम वाढलं की या, दुसरी पट्टी बसवून देतो. डिस्क भरली तर ती बी मोठी घालून देतो."

मी त्या मोकळ्या खाचेकडं बगतच ऱ्हायले. सांगू का, माझ्या मोबाईलवर सारखं येतंय, जागा भरली, काय तरी काडा. एकदा असंच आलं आणि बोर्ड तर त्याच दिवशी द्यायचा हुता. एका गड्याचा, त्येच्या कुत्र्यासंगट. मी घाईघाईनं बोट मारत गेले आणि त्यात पोरगी पहिल्यांदा पालथी पडली त्याचा व्हिडिओ गेला. कुत्रं ऱ्हायलं, पोरगी गेली. मी आमच्या मालकास्नी सांगितलं बी न्हाय अजून. तवा ती मोकळी खाच बगून मला वाटलं, कुणी तरी आदीच आपल्यासाठी जागा धरून ठेवलीया असं.

आणि तेवढ्यात टोपण उडालं.

त्यापुढचं तुमाला सांगितलंच. पोरगी उलटी, मी रडतीया हसतीया, भाई फरशीवर. एक मावशी चार्जर घ्यायला आलेल्या, त्या म्हणाल्या केळं घाला, केळ्यातनं उतरतंय. दुसऱ्या एकांनी सांगितलं भात घाला. कुणी तरी म्हणलं काय हुईत न्हाय, उद्या सकाळी दुपटं बगा. मी म्हणलं उद्यापातूर मी जित्ती ऱ्हाईन का. शेवटी आत्तींनी पोरीचं नाक धरलं, तिनं तोंड उघडलं, मी बोट घातलं आणि काडलं तर काय, रिळाचा दोरा. गाठ मारलेला. माझ्या पर्समधनं वडून चघळत बसलेली.

म्हंजे तोंडात दोरा हुता. खरं दोऱ्याच्या आदी स्क्रू गेला नसंल कशावरनं? भीती काय कमी हुईना.

भाई उठलं, गुडघं झटकलं, आणि जागा मोकळी करावी म्हणून रुपेरी लॅपटॉप मिटवायला हात घातला आणि तिथंच थांबलं. "ह्यो काय हितं हाय की."

बगतोय तर रुपेरीच्या पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, काळ्या पट्टीवर, काळा स्क्रू. चिकटलेला. उभाच्या उभा, पालीवानी. मी पोरीला भाईंच्या समोरच असलं कुस्करलं की ती रडाय लागली, एवढा वेळ हसत हुती ती आता रडाय लागली. चार्जरवाल्या मावशी टाळ्या वाजवाय लागल्या. मला हसू आवरंना, मी खाली बसले, काउंटरला टेकून, डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी.

खरं आत्ती हसंनात. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि रुपेरी लॅपटॉपला हात जोडलं.

आत्तींचं म्हायार पन्हाळ्याच्या बाजूला. त्यांच्या गावात अजून कौल लावत्यात. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. म्हस घ्यायची का, पोरगी द्यायची का, बोअर मारायची का, सगळं कौलावर. आत्तींचं सोताचं लगीन सुद्दा कौलानं ठरलेलं, आणि सासरे कायम म्हणायचं, गुरवानं कळी नीट चिकटवली नसंल.

भाई चिमटा घिऊन स्क्रू काडायला गेलं तर आत्तींनी त्यांच्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, हात लावायचा न्हाय. पोरीच्या तोंडात जाणारा स्क्रू ह्येनं वरच्या वर धरला. काळ्यातनं सुटला आणि ह्येला उजवीकडं चिकटला. कौल दिलाय. आता पडला की झालं, रुपेरी घ्यायचा.

भाईंनी माझ्याकडं बगितलं. मी आत्तींकडं. आत्ती स्क्रूकडं.

मग आमी वाट बगाय लागलो. खोटं न्हाय सांगत. भाई, मी, आत्ती, त्या चार्जरवाल्या मावशी, सगळी उभारून एका स्क्रूकडं बगतोय. एक पावणं मोबाईलची काच बदलायला आलतं, त्यांनी हळूच मला विचारलं काय चाललंय, मी म्हणलं कौल, तर ते बी चप्पल काडून उभारलं. स्क्रू काय हालंना. आत्ती मनात काय तरी पुटपुटत हुत्या. शेवटी भाई दबकत आत्तींना म्हणालं, "मावशी, माफी करा, ते लोहचुंबक हाय. पडदा मिटवाय कंपनीच घालती. उद्यापातूर उभारला तरी न्हाय पडायचा."

आत्ती म्हणाल्या, चुंबक कुणी केलं?

भाईंनी चिमटा खाली ठेवला.

आणि मला फोन आला. बोर्डवालं मालक. सांजच्याला एक अर्जंट बोर्ड हाय, लॅपटॉप घेतलास का, न्हायतर त्या दुसऱ्या मुलीला सांगतो, तिचा भाऊ आज आणायला गेलाय म्हणं. मी म्हणलं घेतला, घेतलाच, हातातच हाय. फोन ठेवला. हातात तर पोरगी हुती.

आता काय करावं. रुपेरी घेतला तर आत्ती खूश, देव खूश, पेटीवर बसतोय, पिशवीत बसतोय. खरं मला म्हाईत हुतं, चार महिन्यांनी त्यो बी म्हणणार जागा भरली, काय तरी काड. आणि त्येला उघडाय येत न्हाय. मी काय काडू, पोरीचं पहिलं पाऊल काडू? काळा घेतला तर देवाच्या शब्दाबाहीर गेले. तेबी ज्या घडीला पोरगी वाचली त्याच घडीला. मी भित्री हाय, सांगितलं ना. मांजर आडवं गेलं तर मी घरात जाऊन पाणी पिऊन येणारी बाई.

कुठनं सुचलं माझं मलाच म्हाईत न्हाय. मी पदर नीट केला आणि म्हणलं, "आत्ती, कौल देवाच्या उजव्या अंगाचा बगत्यात का आपल्या?"

त्या म्हणाल्या, देवाच्याच की. आपल्या उजव्याला कोण विचारतंय.

म्हणलं, "मग ह्येचं तोंड आपल्याकडं हाय. आपलं उजवं ते ह्येचं डावं."

आत्तींनी लॅपटॉपकडं बगितलं. मग सोताचा उजवा हात वर केला, मग डावा, मग लॅपटॉपच्या मागं जाऊन उभारल्या, काउंटरच्या आत, भाईंना बाजूला सारून, आणि तिथनं त्येच्यासारखंच आमच्याकडं तोंड करून परत हात वर केला. पावणं बी आपलं हात वरखाली करून बगत हुतं. चार्जरवाल्या मावशी म्हणाल्या, पोरगी बराबर बोलतीया. भाई कपाटाकडं तोंड करून उभारलं, त्यांची पाठ हालत हुती, हसत हुतं का खोकत हुतं देव जाणं.

आत्ती बाहीर आल्या. माझ्याजवळ आल्या, पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "डावा तर डावा. तुझं तू घे. खरं पोरीला काय झालं तर मला म्हणू नको मी सांगितलं न्हवतं."

तरी मी काळ्याकडं बोट केलं. भाईंनी दोनदा विचारलं, ह्योच ना वैनी, ह्योच ना. म्हणलं ह्योच. त्यांनी चिमट्यानं रुपेरीवरचा स्क्रू सोडवला, काळ्याची पाठ लावली, एक एक स्क्रू पिळून बसवला, आणि त्यो शेवटचा बसवताना आत्तींनी मान फिरवली.

रिक्षात मी लॅपटॉप मांडीवर आणि पोरगी आत्तींच्या मांडीवर. मी गालातल्या गालात हसत हुते, थांबायचंच नाव न्हाय. मी निवडला. मी. दसरा चौकातनं जाताना सगळं बोर्ड बगत हुते, ह्येची अक्षरं वाकडी, त्येचा फोटो फाटलाय, आता बगा म्हणलं. सांजच्याला बोर्ड करून दिला. पेटीवर ठेवला तर पाळणा खाटकन आपटला, म्हणून मांडीवर घिऊन बसले. दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांनी पाळण्याची कडी वीतभर सरकवली. आत्ती बगत हुत्या, खरं लॅपटॉपला हळदकुंकू मात्र त्यांनीच लावलं, झाकणावर, मधोमध. आणि मालकांनी खाचेचं ऐकल्यावर पहिलं विचारलं, म्हंजे अजून एक म्हस बांधायला जागा हाय म्हण की.

काम चाललंय. तीन बोर्ड एकदम उघडले की जरा धापा टाकतोय, मग मी त्येच्या पाठीवर थापटते, थांब म्हणते, तुझी पट्टी आणू. पोरीचं व्हिडिओ सगळं त्येच्यात टाकलंय, एक बी काडावं लागलं न्हाय. पालथं पडलेला तेवढा न्हाय.

खरं त्या रात्रीच पोरीला शिंक आली. एकच. आत्ती चुलीपाशी हुत्या, त्यांनी मान वळवून आदी लॅपटॉपकडं बगितलं, मग माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी नाक वाहिलं. मालक म्हणालं हवा बदललीया, गल्लीतली सगळी पोरं शिंकत्यात. चार दिवसात बरी झाली, आता तर पेटीला धरून उभी ऱ्हातीया. तरी अजून तिला जरा कणकण आली, जरा दूध कमी प्याली, की घरात कुणी काय बोलत न्हाय आणि मला सगळं ऐकू येतं. मी लॅपटॉप मिटवते, पोरीच्या कपाळाला हात लावते, आणि मनातल्या मनात दुकानात जाऊन काउंटरच्या आत उभारते, हात वर करून बगते. कवा वाटतं डावाच हुता. कवा वाटतं देवाला काय तोंड आणि पाठ, त्येनं कौल दिलेला आणि मीच फिरवला.

तुमी सांगा. फोन येऊन गेलेला, पोरगी कडंवर, सासूनं हात जोडलेलं, एक बसणारा आणि एक उघडणारा. तुमी माझ्या जागी असता तर कुठल्याकडं बोट केलं असतं?